गुंडा मिस्त्रीचा होकार

“गेली! परत तिथंच गेली!”

नारायणने हातातलं घड्याळ दाबून थांबवलं आणि तो पळत सुटला. त्याच्या मागून हत्यारांची पिशवी खांद्याला मारून गुंडा मिस्त्री निघाला. तो पळाला नाही. चाळिशी उलटली होती, माळ दगडगोट्यांचा होता आणि मोटार काही कुठे पळून जाणार नव्हती. अर्ध्या मैलाच्या सरळ पट्ट्यात, बरोबर मधल्या निशाणाशी, ती मान टाकून उभी होती. सकाळपासून तिसऱ्यांदा.

चिंतामण खाली उतरून बॉनेटला टेकला होता. तोंड धुळीनं पांढरं झालेलं, डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवल्यामुळे तेवढी दोन वर्तुळं काळी दिसत होती.

“काय झालं त्ये सांगा,” गुंडा म्हणाला.

“तेच. सुटताना झकास. वाटलं, आता उडतेच. मग एकदम बिघडली आणि मेली.”

“खोकली, का आचकं दिलं?”

“त्यात काय फरक?” धापा टाकत नारायणने विचारलं.

“लय फरक हाय. खोकली म्हंजी ठिणगी चुकली. आचकं दिलं म्हंजी उपाशी हाय.”

चिंतामणने डोळे मिटून आठवून पाहिलं. “आचके,” तो म्हणाला.

कवठे महांकाळच्या पुढच्या त्या माळावर सत्तेचाळीस सालच्या माघात एका जहागीरदारांनी मोटारींची शर्यत भरवली होती. पाच मोटारी आल्या होत्या. सकाळी प्रत्येकीनं एकटीनं चार वेळा पळून दाखवायचं. घड्याळावर ज्या दोन सर्वांत चांगल्या ठरतील, त्यांची दुपारी जोडी लावायची. दोघी शेजारीशेजारी उभ्या राहणार, निशाण पडलं की सुटणार, जी पुढे जाईल तिला चांदीचा पेला. आसपासच्या गावांतली माणसं बैलगाड्या सोडून, भाकरीची गाठोडी घेऊन पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसली होती. बहुतेकांनी इतक्या मोटारी एका ठिकाणी कधी पाहिल्या नव्हत्या.

चिंतामण लिमये सांगलीच्या एका वकिलांचा एकुलता मुलगा. वय अठ्ठावीस. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. लढाई संपल्यावर त्याने एक जुनी अमेरिकन मोटार, म्हणजे तिचा नुसता सांगाडा आणि इंजिन, कुठून तरी पैदा केली. घरामागच्या पत्र्याच्या छपरीत दीड वर्ष तो, त्याचा शाळेपासूनचा मित्र नारायण आणि गुंडा मिस्त्री ती बांधत होते. कारखाना सुटला की गुंडा तिकडे जायचा. चिंतामणची बायको विनोदिनी मागच्या दारातून चहा द्यायची आणि विचारायची, “आज तरी आवाज काढणार का ती?”

गुंडा मूळचा आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. चौदा वर्षांचा असताना विट्याच्या रानात एका विहिरीवर त्याने पहिल्यांदा तेलावरचं इंजिन पाहिलं. दिवसभर त्याच्यापाशी बसून राहिला. तोवर मेंढरं दुसऱ्याच्या जोंधळ्यात शिरली. बापानं काठीनं फोडून काढलं. दुसऱ्या दिवशी तो सांगलीला पळाला आणि एका इंजिनाच्या कारखान्यात झाडू मारायला राहिला. पुढे लढाईत मोटारदुरुस्तीच्या तुकडीतून इजिप्तच्या वाळवंटात चार वर्षं काढली. तिथे एक बाँब जवळ पडला आणि डावा कान कायमचा गेला. आता सांगलीच्या एका मोटार कारखान्यात तो फिटर होता. हे खोल, ते बसव, संध्याकाळपर्यंत दे. पंचवीस वर्षं त्याने हेच ऐकलं होतं. ‘मिस्त्री, तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारणारा चिंतामण हा पहिलाच.

गुंडाने एक प्लग काढून उन्हात धरला. टोक पांढरंफटक होतं, पेट्रोल न पोचल्याची खूण. मग त्याने कार्बोरेटरची वाटी सोडवली आणि पालथी केली. पेट्रोलचा एक थेंब पडला नाही.

“सकाळी पयल्यांदा आपुन ठिणगीचं पॉइंट बदललं,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “दुसऱ्यांदा कार्बोरेटर धुतला. दोनी येळंला मोटार लगीच चालू झाली. काय झालंच न्हाई अशी. मग आपुन जे केलं त्यानं बरी झाली, का आपसूक?”

“आता तरी पेट्रोल आहे ना बघतो,” म्हणत नारायण काडी घेऊन मागच्या टाकीकडे वळला.

“थांबा!”

नारायण दचकला. गुंडा एरवी आवाज चढवत नसे.

“नारायणराव, दर येळंला तुमी हेच केलं न्हवं? मोटार बंद पडली की पयलं टाकी उघडून बगितली?”

“मग? पेट्रोल संपलं असेल तर—”

“आता हात लावू नगा.” गुंडा टाकीपाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि उजवा कान टाकीच्या तोंडाला लावला. “आता सोडा. हळूहळू.”

नारायणने टोपण फिरवलं. पहिल्या आट्यात काही नाही. दुसऱ्या आट्याला आतून सूं करून आवाज आला, कुणी पाण्याखालून वर येऊन श्वास ओढावा तसा. गुंडाने टोपण हातात घेतलं. जुनं हरवलं म्हणून चिंतामणने ते गेल्याच आठवड्यात तांबटाकडून घडवून आणलं होतं. पितळेचं, सुबक, आटे घट्ट.

“ह्येला भोक कुटं हाय?” गुंडा म्हणाला. “टाकीतनं पेट्रोल जातंय, त्याच्या जागंला वारा याया नगो? हळू चालवली तवर चालती. दणकून प्याया लागली की टाकी वडून धरती. मग तुमी टोपण उघडता, वारा आत जातोय, आन बया चालू.”

चिंतामणने कपाळावर हात मारला. “मिस्त्री, हेच मी पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवतो हो! दरवर्षी!” आणि तो इतका हसला की लांब बसलेली माणसंही उगाच हसू लागली.

गुंडाने एका दगडावर टोपण ठेवलं आणि खिळ्याने त्याला भोक पाडलं. एवढंच काम. चौथ्या फेरीला मोटार मधल्या निशाणावरून अशी गेली की नारायण घड्याळ दाबायला विसरता विसरता राहिला. एकोणतीस सेकंद. जहागीरदारांच्या नव्या कोऱ्या गाडीला अठ्ठावीस लागले होते. बाकी तिघी मागे पडल्या. दुपारची जोडी ठरली.

जहागीरदारांनी आपल्या गाडीसाठी मुंबईहून मेकॅनिक आणला होता. सकाळी तो यांच्या मोटारीभोवती एक चक्कर मारून “मोटार आहे की मळणीचं यंत्र?” असं म्हणून गेला होता. आता तो परत आला, वाकून टोपणाचं भोक पाहिलं आणि तंबाखूची डबी गुंडापुढे धरली. गुंडाने चिमूट घेतली. लढाईत असली दुरुस्ती केली तर साहेब फार तर मान हलवून पुढच्या गाडीकडे बोट दाखवायचा.

जेवण झाल्यावर चिंतामण आणि नारायण कडुलिंबाखाली आडवे झाले. गुंडा सवयीनं एकेका चाकावरून तळवा फिरवत गेला. मागची दोन्ही ठीक होती. पुढचं डावं ठीक होतं. पुढच्या उजव्या चाकाला, आतल्या अंगाला, त्याचा तळवा थांबला. त्याने परत हात फिरवला. मग उताणा होऊन मोटारीखाली सरकला.

टायरला आतल्या बाजूनं लिंबाएवढा फुगवटा आला होता. वरचं रबर सकाळच्या फेऱ्यांत कुठल्या तरी धारदार दगडानं कापलं होतं आणि चिरेतून आतलं कापड दिसत होतं. लढाईच्या दिवसांत नवे टायर मिळत नव्हते. हेही जुन्याच टायरवर रबर चढवून घेतलेले होते. येताना वाटेत डावं चाक फुटलं, तेव्हा जादाचं होतं ते तिथेच खर्ची पडलं. मागची चाकं मुद्दाम मोठी बसवलेली, ती पुढे चालणारी नव्हती.

त्याने दोघांना उठवलं. चिंतामण मोटारीखाली जाऊन पाहून आला. कपडे न झटकता तसाच उभा राहिला.

“नको,” नारायण लगेच म्हणाला. “चिंतामण, माघार घेऊ. एवढं केलं तेच पुष्कळ झालं. पुढच्या वर्षी नवे टायर घालून येऊ.”

“पुढच्या वर्षी शर्यत होईलच कशावरून?”

“नाही झाली तर नाही झाली!”

“अर्धा मैल, नारायण. अर्ध्या मिनिटाचं काम.” चिंतामण गुंडाकडे वळला. “मिस्त्री, तुम्ही सांगा.”

गुंडाची नजर चाकावरच होती.

“मी थट्टा करत नाही. मला यातलं तुमच्याइतकं कळत नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता मोटार ढकलून बाजूला लावतो. एका शब्दानं विचारणार नाही, का म्हणून.”

पट्ट्याच्या टोकाला जहागीरदारांची गाडी येऊन उभी राहिली होती. तिच्या काचेवर ऊन चमकत होतं. मुंबईचा मेकॅनिक फडक्यानं तिचं नाक पुसत होता. गुंडाने खाली बसून पुन्हा एकदा फुगवट्यावर अंगठा दाबला. वाळवंटात याहून वाईट टायरांवर त्याने लॉऱ्या धाडल्या होत्या आणि त्या पोचल्या होत्या. पण त्या लॉऱ्या ताशी वीस-पंचवीस मैलांनी जात. ही अखेरीला पंच्याहत्तर-ऐंशीनं जाणार होती. हा फरक त्याला ठाऊक होता. त्याच वेळी, अंगठा टायरवर असताना, दीड वर्षातली एकेक संध्याकाळ त्याच्या डोळ्यांपुढून गेली, आणि सकाळी ऐकलेला सूं असा आवाज. ही मोटार एकदा तरी, कुणी शेजारी असताना, पुढे जाताना त्याला बघायची होती.

“येक फेरी जातीया,” तो म्हणाला.

“बघ!” चिंतामण नारायणला म्हणाला आणि त्याने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

*

निशाण पडलं तेव्हा गुंडा शेवटच्या रेषेपाशी उभा होता. दोन्ही मोटारी लांबून दोन ठिपक्यांसारख्या हलल्या आणि त्यांच्या मागे धुळीची भिंत उठली. मधल्या निशाणापर्यंत जहागीरदारांची गाडी हातभर पुढे होती. तिथून पुढे यांची मोटार सरकू लागली. आधी नाक जुळलं, मग पुढचं चाक पुढे गेलं, मग अर्धी मोटार. लोक उठून उभे राहिले. रेषा ओलांडली तेव्हा पुरी एक मोटार पुढे होती. चिंतामणने डावा हात उंच केला.

मग आवाज झाला. गुंडाला तो ऐकू आला, पण एकाच कानाच्या माणसाला आवाज कुठून आला हे कळत नाही. त्याला वाटलं, मागे जहागीरदारांच्या माणसांनी बार काढला. म्हणून तो मागे वळला. समोरच्या बायकांनी पदर तोंडात धरलेले दिसले, तेव्हा तो परत फिरला.

मोटार शंभर पावलांवर उलथी पडली होती. तिची मागची मोठी चाकं अजून फिरत होती.

या वेळी तो पळाला. सगळ्यांच्या आधी पोचला. चिंतामण मोटारीखाली नव्हता, बाहेर फेकला गेला होता, एका खडकाला टेकल्यासारखा बसला होता. अंगावर फारसं रक्त दिसत नव्हतं. नुसती नाकातून एक बारीक धार येत होती. गुंडाने ती आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसली. ती परत आली.

“मिस्त्री,” चिंतामण म्हणाला, “पुढे होतो ना?”

“व्हय, व्हय. लय म्होरं हुता. आता बोलू नगा.”

जहागीरदारांनी आपली गाडी दिली. तीच, हरलेली. मागच्या बैठकीवर गुंडा चिंतामणचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि नारायण त्याचे पाय धरून. मिरजेचा दवाखाना पंचवीसएक मैल. रस्ता खराब होता आणि गाडी चालवणारा मुंबईचा मेकॅनिक प्रत्येक खड्ड्याला “माफ करा, माफ करा” म्हणत होता. निम्म्या वाटेपर्यंत चिंतामण मधूनमधून काही पुटपुटत होता. मग ते थांबलं. मिरज चार मैलांवर राहिली असताना गुंडाला मांडीवरचं वजन बदललेलं कळलं. त्याने नारायणला सांगितलं नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत तो डोकं तसंच सावरून बसला.

*

पंचनाम्याला फौजदार आला तेव्हा माळ मोकळा झाला होता. उलथी मोटार, नारायण, गुंडा आणि गावचे चार पंच.

“टायर कसा फुटला?”

“अचानक,” नारायण म्हणाला. त्याचे डोळे सुजले होते. “दगड लागला असावा.”

“आधी काही खराबी होती?”

“कुणाला कल्पना नव्हती.”

गुंडा पुढे झाला. “सायेब, मी—”

“तू कोण?”

“फिटर हाय ह्या मोटारीचा. टायर मी—”

“तुला कुणी विचारलं का? बाजूला हो. विचारलं की सांग.” फौजदाराने लिहिणं सुरू ठेवलं. पुढे त्याने काही विचारलं नाही.

परत येताना बैलगाडीत गुंडा म्हणाला, “नारायणराव, तुमी खोटं का सांगितलं?”

“मग काय सांगू? त्याला माहीत होतं आणि तरी गेला? त्याच्या वडिलांना हे ऐकवू? मिस्त्री, जे झालं ते झालं. त्याला जायचंच होतं. तुम्ही नको म्हणाला असतात तरी तो गेला असता.”

“त्यांनी इचारलं हुतं मला. तुमच्या म्होरं.”

“विचारायचं म्हणून विचारलं हो.” नारायणने दुसरीकडे पाहिलं. “फिटरच्या सांगण्यावर का कुणी असल्या गोष्टी ठरवतं?”

तो हे वाईट बुद्धीनं बोलला नव्हता. गुंडाच्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणूनच बोलला होता. चिंतामणचे वडील वकीलसाहेबही तसंच बोलले. अंत्यविधीनंतर टायरचं सांगायला म्हणून गुंडा अंगणात हात जोडून उभा राहिला आणि रडू लागला, तेव्हा ते म्हणाले, “तू कशाला रडतोस? तू नोकर माणूस. सांगितलं ते केलंस. तुझा काय दोष?”

दहाव्या दिवशी जहागीरदारांचा माणूस चांदीचा पेला घेऊन आला. रेषा आधी ओलांडली होती, नियमाप्रमाणे तो यांचाच होता. वकीलसाहेबांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ ओसरीवर तसेच उभे राहिले. घरात तो कुठे ठेवायचा हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो धान्याच्या कोठीवर ठेवला आणि वर एक पंचा टाकला.

गुंडाचं कामावर लक्ष लागेना. एकदा त्याने एका बसचं चाक बसवलं आणि नट आवळायचे तसेच ठेवून दुसऱ्या कामाला गेला. दुसऱ्या फिटरच्या लक्षात आलं म्हणून बरं. घरी तो जेवताना हात थांबवून बसू लागला. त्याची बायको अंजना आठ दिवस बघत होती. मग एके दिवशी चुलीपुढून न उठता म्हणाली, “काय त्ये सांगून टाका.”

त्याने सांगितलं. ती ऐकत असताना तव्यावरची भाकरी करपली.

“मी लिमयांच्या वैनीला सांगनार हाय,” तो म्हणाला.

“आवं, येड लागलंय का? फौजदारानं इचारलं न्हाई, वकिलानं इचारलं न्हाई. तुमी आपल्या पायानं जाऊन गळ्यात फास घालून घेनार? उद्या कारखान्यातनं काढलं तर आमी कुटं जायाचं? मेंढरं तरी हायेत का आता माघारी?”

“त्यांनी मला इचारलं हुतं, अंजना. उभ्या जल्मात मला कुनी इचारलं न्हाई. येका मानसानं इचारलं. आन मी त्येला काय सांगितलं?”

अंजनाने करपलेली भाकरी बाजूला टाकली आणि दुसरी थापायला घेतली. “जावा मग,” ती भाकरी तव्यावर टाकत म्हणाली. “पर वकील कोर्टात गेल्यावर जावा.”

तेरावा होऊन दोन दिवस झाल्यावर तो गेला. दुपारची वेळ होती. विनोदिनी मागच्या दारी आली. कपाळ मोकळं, हातात काही नाही. तिने त्याला बसा म्हटलं. तो बसला नाही. अंगणात छपरीखाली चेपलेली मोटार आणून ठेवली होती. तिकडे पाठ करून तो उभा राहिला.

“वैनी, टायर खराब हुता. शर्यतीच्या आधी मला दिसला हुता. त्यांनी मला इचारलं, जाऊ का नगो. मी म्हनालो, जातीया येक फेरी.”

घरात कुठेतरी पाट सरकवल्याचा आवाज झाला.

“त्यांनी तुम्हाला विचारलं?”

“व्हय.”

“आणि तुम्ही नको म्हणाला असतात तर?”

गुंडाला नारायणचे शब्द आठवले. ते उचलून इथे ठेवले असते तर तिचं आणि त्याचं दोघांचंही भागलं असतं. जाणारा गेलाच असता, असं म्हटलं की झालं. ती दाराची चौकट धरून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“थांबलं असतं,” तो म्हणाला. “मला तसा शब्द दिला हुता. मोटार बाजूला लावतो म्हनालं हुतं. त्ये थांबलं असतं.”

विनोदिनीची बोटं चौकटीवर पांढरी झाली.

“तुम्हाला जिंकायचं होतं?”

“व्हय.”

“तुम्हाला!” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, एकेक शब्द तोडत, “इथून पुढे या घरी येऊ नका.”

त्याने वाकून नमस्कार केला आणि फाटकाबाहेर पडला. तिने हे सासऱ्यांना सांगितलं नाही. कारखान्यातही काही कळलं नाही. तो वाट पाहत राहिला, आज बोलावणं येईल, उद्या येईल. आलं नाही. त्याने लिमयांच्या आळीतून जाणंयेणं सोडलं, लांबच्या रस्त्यानं कामावर जाऊ लागला.

*

दिवाळीनंतर वकीलसाहेब स्वतः कारखान्याच्या दारात आले. नऊ-दहा महिन्यांत ते काठी वापरायला लागले होते.

“गुंडा, छपरीतली ती मोटार खोलून टाक. भंगारवाला येऊन नेईल. मला ती रोज दिसते रे.”

गुंडा घोटाळला. पण नाही म्हणायचं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचं की नाही हे आता विनोदिनीनं ठरवायचं होतं, त्यानं नव्हे.

“जी,” तो म्हणाला.

रविवारी सकाळी तो मागच्या फाटकानं आत गेला. भंगारवाला हातगाडी घेऊन आधीच येऊन बसला होता. गुंडाने गोणपाट अंथरला, हत्यारं मांडली आणि वरून सुरुवात केली. गंजलेल्या प्रत्येक नटावर रॉकेल सोडायचं, थांबायचं, मग पाना लावायचा. सुटलेला भाग फडक्यानं पुसून गोणपाटावर ठेवायचा. दुपारपर्यंत निम्मंसुद्धा इंजिन सुटलं नाही.

“आवं मिस्त्री,” भंगारवाला वैतागला, “घण घाला की! भट्टीतच जायाचं हाय ह्ये सगळं.”

“बोल्ट फिरतोय तवर घण कशाला?”

“अशानं दोन दिस लागत्याल.”

“लागू देत.”

दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी विनोदिनी दिसली नाही. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर मागचं दार उघडलं आणि ती पायरीवर आली. गुंडा पाना खाली ठेवून उठून उभा राहिला.

“वकीलसायबांनी बलावलं म्हनून आलो,” तो म्हणाला. “जा म्हनाला तर आत्ता जातो. दुसरा फिटर धाडतो.”

ती त्याच्याकडे बघत नव्हती. गोणपाटावर ओळीनं मांडलेल्या लोखंडाकडे बघत होती. प्रत्येक नट ज्याच्या त्याच्या बोल्टाला परत लावून ठेवला होता. मग आत गेली. दार तिने लावलं नाही.

शेवटचा सांगाडा हातगाडीवर चढला तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. भंगारवाला गाडी ओढत फाटकाबाहेर गेला. गुंडाने छपरी झाडली, सांडलेल्या तेलावर माती टाकली आणि तो नळाशी जाऊन हात चोळू लागला. नुसत्या पाण्यानं आणि मातीनं काळं निघेना.

विनोदिनी बाहेर आली. तिच्या हातात घरातली पितळेची वाटी होती, चुलीतल्या चाळलेल्या राखेनं भरलेली. ती तिने खालच्या पायरीवर ठेवली आणि आत निघून गेली.

गुंडाने राख घेतली. कोपरापासून बोटांपर्यंत, नखांच्या कडांतून सावकाश चोळली आणि हात धुतले. मग उरलेल्या राखेनं वाटी आतबाहेर लख्ख घासली, विसळली, पायरीवर पालथी ठेवली आणि फाटक हळूच ओढून घेऊन तो बाहेर पडला.